मोठ्या जेटमधली तार

आबा : थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी ही फटफटी घरात आली. तेव्हाच ती म्हातारी होती. पण इतक्या वर्षांत काय दुखतंय ते मला सांगितल्याशिवाय राहिली नाही. आणि आता बघ.

माई : चहा गार होतोय.

आबा : उभ्या उभ्या घड्याळासारखी वाजते. मूठ अर्ध्यापुढे पिळली की घुसमटते. चोक ओढला की जरा सुधारते. म्हणजे काय?

माई : मला काय विचारता? मी पंख्यांच्या मोटारींत तार भरणारी बाई.

आबा : म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. शेंबडं पोरही सांगेल. पेट्रोलच्या नळाची धार चांगली आहे. फ्लोट बघितला. कार्बोरेटरचा मोठा जेट, गाडी पळताना ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो, काढला, पंपाने हवा मारली, तुझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांना त्याचं भोक आता दिसत नाही. तू उजेडात धरून म्हणालीस, साफ आहे.

माई : हं.

आबा : मग राहिलं काय? माझे हात. काल तो दाढीवाला त्याची गाडी घेऊन आला होता ना, त्याला परत लावून दिलं. म्हटलं, दुसरीकडे दाखव.

माई : का? तो तर जुना गिऱ्हाईक.

आबा : ज्याला स्वतःच्या गाडीचा कार्बोरेटर उमगत नाही, त्याने दुसऱ्याच्या गाडीला पाना लावायचा? तू झोपलीस की मी पडल्या पडल्या बोटं मोजून बघतो. आहेत सगळी. कामाची नाहीत.

माई : असं बोलू नका हो.

आबा : तो पंप दे.

माई : त्याचा वायसर गेलाय. हवा धरत नाही.

आबा : मग तोंडाने फुंकतो. पूर्वी काय पंप होते? हा बघ निघाला जेट. आता... आं?

माई : काय झालं?

आबा : जिभेला टोचलं. थांब, चिमटा दे. आत काहीतरी आहे. केसाएवढं. तांब्याची तार आहे ही.

माई : कचरा गेला असेल.

आबा : कचऱ्याला टोकाशी उलटा पीळ असतो? दोन वेढे, डावीकडे? सगळे जण उजवीकडे पिळतात. या घरात एकच माणूस डावीकडे पिळतं.

माई : चहा गार झाला. दुसरा टाकते.

आबा : पंख्याची तार ना?

माई : छोट्या पंख्याची. जाड बसली नाही.

आबा : आणि मला म्हणालीस, साफ आहे.

माई : म्हणाले.

आबा : माझ्या हातांवरून माझा विश्वास उडाला. रोज बघत होतीस तू ते. समोर बसून, चहा देत.

माई : बघत होते. जेवण जात नव्हतं मला. पण तुम्ही घराबाहेर पडलात की त्याहून वाईट व्हायचं.

आबा : खडीवरून घसरलो एकदा. त्याचं एवढं?

माई : खडी नव्हती. तुम्हाला उचलून आणलं त्या दूधवाल्याने मला जिन्यात गाठून सांगितलं, पडायच्या आधीच आबांचे डोळे मिटलेले होते, गाडी चालूच होती. डॉक्टरांनी गाडीवर बसू नका म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, डॉक्टर काय गाड्या चालवतात? किल्ली लपवली, तर किल्लीशिवाय चालू केलीत. थोरली रडली, तर तिलाच मागे बसवून बाजारात फिरवून आणलंत. मग मी काय करायचं होतं? तुमच्यापुढे पाने धरून धरून कुठला जेट कशाचा एवढं मलाही कळलंय.

आबा : कळलंय खरं. उभी गाडी ज्याच्यावर चालते त्या छोट्या जेटला हात लावला नाहीस.

माई : गाडी बंद पडायला नको होती. तुम्ही तिच्याशिवाय राहिला नसतात. फक्त पळायला नको होती. हळू चालली की मागून येणारा तरी बघतो. आणि पडलात तरी...

आबा : पुरे.

माई : आता शिव्या द्यायच्या तर द्या.

आबा : हात गेले असं वाटणं काय असतं, तुला ठाऊक नाही.

माई : हात गेलेले मला चालले असते.

आबा : ती पकड दे इकडे. बारीक तोंडाची.

माई : तार फेकून देताय? द्या. मी पुन्हा नाही घालणार. खोटं बोलायचं बळ संपलं माझं.

आबा : फेकत नाही. तुझी सैल बसली होती. एखाद्या दिवशी हलली असती आणि भर रस्त्यात जेट बुजला असता. टोक असं वाकवायचं, म्हणजे आत सरकत नाही. बघून ठेव. आणि उद्या त्या दाढीवाल्याला निरोप धाड. म्हणावं, गाडी घेऊन ये.

(पुढच्या वर्षी, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये.)

थोरली : आई, मी गल्लीतून फिरवून आणली. चालू झटक्यात होते, पण पुढे ओढत नाही. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, काढून घेऊ का?

माई : कचरा नाही तो. राहू दे.

थोरली : मग काय आहे?

माई : तार आहे. पहिल्यांदा मी घातली, दुसऱ्यांदा तुझ्या आबांनी. तुझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली त्या महिन्यात ते गेले, तोवर गाडी तशीच हळू चालवत होते. दुपारी जेवून आडवे झाले होते, आपल्या पलंगावर.