ढालीचं वजन

(दुपार. खाटेवर धाकटा भाऊ पडून आहे. शेजारच्या टेबलापाशी थोरली बहीण दहा बाजूंचा फासा घेऊन बसली आहे.)

ताई: नऊ! नऊ पडला रे! वाचला तुझा पहारेकरी. कुऱ्हाड ढालीवर बसली, पण हात जागचा हलला नाही. पूल अजून त्याच्याच ताब्यात.

बारक्या: परत टाक.

ताई: का म्हणून? चांगला नऊ पडलाय की!

बारक्या: दोन पडलाय, ताई.

ताई: काहीतरीच काय!

बारक्या: सकाळी आईने झाडायला कपाट सरकवलं. आता त्याच्या आरशात तुझं अख्खं टेबल दिसतंय मला. फासाही दिसला, आणि तो बोटाने उलटा करणारी तूही.

ताई: बरं बाबा, दोन. एवढं काय त्यात? गेमच तर आहे.

बारक्या: दोन पडला की काय होतं?

ताई: तुला ठाऊक नाही होय? तूच तर केलेत नियम.

बारक्या: तू सांग.

ताई: चार किंवा कमी पडला की ढालीचा हात वीतभर खाली. तीनदा खाली गेला की ढाल जमिनीवर. मग पुन्हा उचलायची नाही.

बारक्या: उचलायची नाही असं नाही. उचलवत नाही.

ताई: तेच ते.

बारक्या: तेच ते कसं? सगळ्या गेममध्ये ढाल म्हणजे दोन पॉइंट जास्त, संपलं! माणूस दिवसभर छत्रीसारखी धरून उभा. ना घाम, ना दम. कॉलेजच्या नाटकात पत्रा ठोकलेली लाकडी ढाल होती माझ्याकडे. तालमीत दहा मिनिटांत खांद्याचा भुगा व्हायचा. आणि तेव्हा हात धडधाकट होते माझे.

ताई: तेच म्हणतेय मी! तुझ्या हातांचं हे असं झालंय, आणि मी इथे बसून पुकारू, हात पडला, हात पडला? माझ्याच्याने नाही होत.

बारक्या: माझ्या हाताचा काय संबंध? ढालीचं बोलतोय मी, ढालीचं! दर वेळी माझा आजार काय मधे आणता तुम्ही सगळे?

ताई: ओरडू नकोस, धाप लागेल.

बारक्या: एक विचारू? हे आजच केलंस, की आधीपासून चाललंय?

ताई: पाणी देऊ का?

बारक्या: ताई.

ताई: आधीपासून.

बारक्या: कधीपासून?

ताई: तुला फासा उचलता येईना, मी तुझ्यासाठी टाकायला लागले, तेव्हापासून. पहिल्याच दिवशी पहारेकरी मेला, आठवतं? तू भिंतीकडे तोंड केलंस आणि जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एकदाच करू खोटं. मग काय, रोजच.

बारक्या: अगं, जेवलो नाही कारण गिळताना ठसका लागत होता!

ताई: मला काय स्वप्न पडलं होतं? बोललास का तू एका शब्दाने?

बारक्या: म्हणून तो मरेना! मी इथे डोकं फोडून घेतोय, की एकटा माणूस पुलावर इतका वेळ तग धरतो कसा. वाटलं, आपलंच गणित चुकतंय. म्हणून ढाल जड केली. तरी मरेना. आणखी जड केली. बाण रुतले की वजन वाढवलं, कुऱ्हाड अडकली की ढाल खाली ओढली जाते, तेही घातलं. दोन महिने, ताई! आता ती ढाल रेड्यालाही पेलायची नाही.

ताई: मग कर की परत हलकी.

बारक्या: किती हलकी? खरा आकडा एक तरी आहे का माझ्याकडे? रविवारी गेम खेळायला जमतात त्या मंडळींना देणार होतो हे नियम. म्हटलं, आपण नसलो तरी टेबलावर आपलं काहीतरी राहील. आता खेळायला बसतील आणि पहिल्या दोन घावांत सगळे आडवे होतील. म्हणतील, बारक्याला काही कळत नव्हतं.

ताई: असं नको ना बोलूस. चुकलं माझं. पार चुकलं. पहिल्यापासून खेळू, आत्ताच्या आत्ता. जो पडेल तोच आकडा सांगेन, आईशप्पथ.

बारक्या: काल डॉक्टरीणबाई दाराबाहेर तुझ्याशी बोलत होत्या. माझा आवाज किती टिकेल म्हणाल्या?

ताई: टिकेल रे. व्यायाम केलेस नेमाने, तर...

बारक्या: आत्ता शपथ घेतलीस तू.

ताई: महिना. फार तर दीड.

बारक्या: मग नाही पुरत.

ताई: पुरेल. रोज सकाळ-संध्याकाळ बसू. आणि नाहीच पुरला, तर उरलेलं मी करीन. सगळे नियम पाठ झालेत माझे.

बारक्या: तुला नाही जमायचं.

ताई: का नाही जमणार?

बारक्या: तू कुणाला मरूच देत नाहीस.