जागेवर धावा

कोणीतरी 'फुकट' हा शब्द पार नासवून ठेवलाय. कोणी ते मला माहीत नाही, पण भोगतेय मी. तुम्हाला सांगते, बागेच्या कोपऱ्यात रोज सकाळी व्यायाम घेते, फी नाही, वर्गणी नाही, कुणीही यावं... तर लोक येतात आणि बाकांवर बसून माझ्याकडे संशयाने बघतात. निवृत्त पोस्टमास्तर रोज विचारतात, "पोरी, शेवटी विकायला तेलाची बाटली कधी काढणार?" अहो, कसली बाटली? बाग सगळ्यांची, आरोग्य सगळ्यांचं, असं मी सांगायला लागले की शिवणकामवाल्या मावशी म्हणतात, "बरं बरं, तू कर, आम्ही बघतो." बघतो! नाही, मी शांत आहे.

तर आज उद्यान अधिकारी बाई येणार होत्या. लोक व्यायाम करताना दिसले तर कोपरा आमचा, नाहीतर तिथे स्कूटरचं पार्किंग होणार. आत्याला मुद्दाम आणलं, म्हटलं निदान घरचं माणूस तरी हलेल, तर आत्याने सावलीतला बाक धरला. "तू घाबरू नकोस गं, मी इथे बसलेय ना." अगं, तीच तर भीती आहे! हातापाया पडून एकेकाला उठवलं, रांगेत उभं केलं, आणि फाटकातून बाई आत. पाठ केलेलं सगळं गुल... आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "चला, सगळे जागेवर धावा!"

धावले हो. आपापल्या जागेवर. मावशी चपला टाकून पळाल्या, पोस्टमास्तर सावलीतल्या बाकावर बसणार तोच आत्याने त्यांना कोपराने सरकवलं. "माझी जागा आहे ही." "नाव लिहिलंय का?" मी मागून, "अहो, जागच्या जागी, जागच्या जागी!" तर पोस्टमास्तर धापा टाकत, "जागच्या जागीच बसतोय, पण ही बाई बसू देईल तर ना!"

संपलं, म्हटलं. पण मी शांत आहे.

बाई मात्र खूश. "संगीत खुर्ची का? या वयात इतकं पळणारी माणसं मी पाहिली नव्हती. वर्षभर चालू द्या." आणि परवानगीवर सही! आता खरं सांगायला नको? मला तत्त्वं आहेत, मी तोंड उघडलंसुद्धा... पण आत्याने असं काही बघितलं की मिटलं. म्हणजे आता वर्षभर हेच घ्यायचं? मी शांत आहे. अगदी शांत आहे.

तेवढ्यात बागेतले माळीकाका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, मग उद्यापासून रोज एक बाक उचलत जाऊ ना?"