रिसबुडांचं घासलेलं नाणं

मंडळी, एक विचारतो. जिथं पकडणारा कुणी नाही, तिथं खरं कशासाठी बोलायचं? — बघा, पुढे बसलेले लगेच मागे बघायला लागले. उत्तर मागे नाही हो! गोष्टीत आहे. ऐका.

मिरजेत भालचंद्रपंत रिसबूड म्हणून गृहस्थ होते. नाद कसला? अमेरिकेच्या नाण्यांचा! मिरजेच्या माणसाला अमेरिका कशाला, असं विचारू नका. बोटीवर नोकरी केलेली, बंदरोबंदरी नाणी जमवलेली. प्रत्येकाची प्रत ठरवायची — बाजारात फिरलेलं एकीकडे. टांकसाळीतून निघून कुणाच्याच खिशात न गेलेलं, म्हणजे कोरं, दुसरीकडे. आणि सगळ्यांच्या वर एक तांब्याचं नमुना-नाणं. नमुना म्हणजे? सरकारनं पाडून पाहिलं, नको म्हणालं, ठेवून दिलं. कांदेपोह्यांपर्यंत आलेलं, बोहल्यावर न चढलेलं! त्यावर जुना तपकिरी रंग चढलेला. तो रंग हीच त्याच्या कोरेपणाची खूण. पंत त्याला नुसतं कडेनं धरायचे.

गावातल्या संग्रहालयानं पंतांची नाणी मांडायचं, त्यांची सूची छापायचं ठरवलं. चालक म्हणाले, "पंत, प्रत तुम्हीच लिहा. आम्हाला यातलं काय कळतंय?" पहिल्या पानावर नमुना-नाणं यायचं होतं. घरच्यांनी ज्याला जन्मभर खूळ म्हटलं, त्याला आता मान मिळणार होता.

आली धनत्रयोदशी. सून मुक्ता त्याच वर्षी घरात आलेली. पूजेत नाणी मांडायची आपली रीत. तिनं कपाटातलं ते काळवंडलेलं नाणं काढलं, चिंच लावली, राख लावली आणि असं घासलं — लख्ख! देवापुढे मळकं कसं ठेवायचं? सांगा, चूक काय तिची?

पंत पूजेला बसले. ताटात बघितलं. पळी हातातच राहिली.

"मामंजी, काही चुकलं का?"

पंतांनी हलक्या आवाजात सांगितलं. मुक्ताला रडू आलं. "पुन्हा काळं नाही का होत ते?"

"होतं. उकडलेल्या अंड्याशेजारी डबीत ठेवलं की रंग चढतो. मिरजेत कुणाला पत्ता लागायचा नाही."

अंडं! त्या सोवळ्या घरात, चातुर्मासात! पण मुक्ता गेली, शेजारच्या डिसोजाबाईंकडून उकडलेलं अंडं पदराआड घेऊन आली. पंतांनी डबी उघडली. नाणं आत ठेवलं. झाकण लावेनात.

"मुक्ता, अंडं परत देऊन ये. मिरजेत एकाला कळतंय. मला."

आणि सूचीत लिहिलं — नमुना, तांबे, घासलेले. चालकांनी विचारलं, "घासलं कुणी?" पंत म्हणाले, "माझ्या घरात घासलं गेलं." नाणं शेवटच्या पानावर गेलं. पुण्याचे जाणकार आले, हळहळले, पुढं सरकले. पंतांना ते लागलं. शेवटपर्यंत लागलं, मी खोटं कशाला सांगू?

मग मिळालं काय, म्हणाल. मंडळी, त्या सूचीत बाकी ज्या ज्या नाण्यापुढे पंतांनी 'कोरे' लिहिलं, त्यावर आजतागायत कुणी शंका घेतलेली नाही. जाणकार शेवटचं पान आधी वाचतात, आणि मग पहिल्यापासून डोळे मिटून मान्य करतात.

आता आपल्याकडे वळू. आपण स्वतःपुढे काय लिहितो? कोरे, कोरे, कोरे! एका ठिकाणी तरी 'घासलेले' लिहा हो. म्हणजे बाकीच्यावर देवाचा विश्वास बसेल.