मांगच्या आंगनाची माती

— तसं काही नाही भाऊ, पाणी चांगलं हाय, नळाचं हाय, प्या तुम्ही. हापशीचं आम्ही पेतच नाही आता. म्हणजे खराब हाय म्हणून नाही — सवय मोडली, बस्स. दीपक अन् त्याचे बाबा बाजारात गेले, येतीनच आता. तुम्ही सांगून आले असते तं माणिकराव थांबले असते ना घरी. पण पोरीचा बाप जळगाव जामोदहून यष्टीनं एकटा येते, न सांगता येते, म्हणजे काहीतरी कानावर आलंच असन. कोणी म्हणलं असन, काय वामनराव, भट्टीवाल्या गल्लीत पोरगी देऊन राह्यले? म्हणलं ना? मी वळखलंच. तुमच्या करिष्माच्या आधी तीन पोरींचे बाप असेच आले होते — आले, पाणी नाही पेले, अन् गेले.

हाव, भट्टी होती. लपवायचं काय त्यात, ते धुराडं दिसतेच इथून. जुन्या ब्याटऱ्या फोडत, त्यातलं शिसं वितळवत. धूर पत्र्यावर बसे, वाळवणावर बसे, लेकरांच्या केसात बसे — आम्ही झटकत राहू. पण बंद झाली ना ते! अन् मांगच्या उन्हाळ्यात माती साफ करणारी माणसं आली, तोंडाले फडकं बांधून. पाणी मारत, हातभर खोल खोदत, ताडपत्री झाकून ट्रकात घालून नेत, अन् वरून नवी माती. हे सामोरचं आंगन पाहा ना — सारी नवी माती हाय. आता लेकरं खेळतात हितं. मनात काही आणू नका. दीपकले जिनिंगवर पक्की नोकरी हाय, सुपारीचं खांड नाही खात. च्या ठेवू का?

मोठी सून? अनुपमा माहेरी गेली, दुसरबीडले. भावाचं लग्न हाय तिच्या. — तुम्ही घर पाहायले आले तेव्हाही नव्हती, बरोबर हाय. तेव्हा मी काय सांगतलं होतं? आईची तब्येत? हाव, तब्येतही हाय अन् लग्नही हाय, दोन्ही संगच निघालं. थोरलाही गेला तिच्यासंग. प्रज्वलही गेला — नातू माह्या. पाच वर्षांचा. बोलन ना, काही लेकरं बोलतात उशिरा. माह्या दिराचा पोरगाही उशिरा बोलला, पण तो मंग थांबलाच नाही — अन् हा बोलत होता भाऊ, 'आजी' म्हणत होता, अन् मंग बंद झाला. पोट दुखलं का नुसता माह्या पदराले धरून बसे. रडतही नसे.

तिकडं काय पाहून राह्यले तुम्ही? मांगच्या दाराकडं? ते लाल काय हाय — ते काही नाही, लेकराचं खेळणं असन. बसा ना. उठू नका. तिकडं जाऊ नका भाऊ, तुमच्या पायात चप्पल नाही.

आता निघालंच तोंडातून तं आयका. ती खूण हाय. मोजणारी माणसं बंदुकीसारखं एक यंत्र मातीले लावत, अन् आकडा सांगत. आमच्या मांगच्या आंगनात लावलं तं तो साहेब परत परत लावून पाहे. त्यानं दुसऱ्याले हाक मारली, त्यानंही लावलं. मंग त्याईनं लाल खुणा गाडल्या, भिंतीपासून थेट मोरीपर्यंत. भट्टीची राख आमच्याच भिंतीमांगं पडत होती ना इतकी वर्षं. अन् अनुपमा पोटुशी होती तेव्हा तिले माती खायचे डोहाळे. मलेही लागले होते, आपल्या बायकांत नवं काय त्यात? आंगनात पाणी मारलं का वास सुटे, अन् ते चिमूटभर तोंडात टाके. आम्ही हसत होतो. कोणाले माहीत होतं? अकोल्याच्या डॉक्टरनं लेकराचं रक्त तपासलं तेव्हा समजलं, का त्यात शिसं हाय.

म्हणान तुम्ही, मंग ते आंगन साफ काऊन नाही केलं? खोदायचं मोठं यंत्र आत यायले मांगची भिंत पाडा लागत होती. साहेब म्हणे, पाडू अन् बांधूनही देऊ. माणिकराव म्हणाले, "नाही. सारी गल्ली पाह्यन का सगळ्यात खराब माती माणिकरावच्या घरची निघाली. मंग दीपकले पोरगी कोण देईन?" अनुपमा सामोर आली — सासऱ्यासमोर कधी तोंड वर न केलेली पोरगी — म्हणे, "बाबा, एकाच्या लग्नासाठी दुसऱ्याचं लेकरू मातीत घालता का?" त्याईनं आयकलं नाही. माणसं दोनदा आली, दोनदा वापस गेली. मंग काम संपलं, सामान उचललं, गेली. त्याच आठवड्यात अनुपमा गेली. म्हणे, ते माती जाईन त्या दिवशी मी येईन. माणिकरावनं खुणा उपटल्या. ते एक राह्यली, म्या नाही पाह्यली.

मी पाणी मारतो रोज, धूळ उडू नये म्हणून. बस्स तेवढंच होते माह्याच्यानं.

अन् तुमची करिष्मा. घर पाहायले आली त्या दिवशी हात धुवायले मांगं गेली ते. मी टावेल घेऊन गेली तं ते खाली बसली होती, ओल्या मातीवर हात ठेवून. म्हणे, "काकू, किती छान वास येते!" म्या तिचे हात टावेलनं पुसले भाऊ. तेव्हापासून डोळ्यासमोरून ते हात जात नाही.

पोरगा माह्या चांगला हाय. एकतीसचा झाला, रात्री जेवत नाही धड. मी माय हाय त्याची. पण तुमची पोरगी देऊ नका या घरात.

— म्या सांगतलं हे कारण कोणाले सांगू नका. पोरीले पुढं शिकायचं हाय, असं म्हणा. फोनवर म्हणा, दीपकच्या तोंडासमोर नका म्हणू.

गाडीचा आवाज हाय तो, गल्लीच्या तोंडाशी. तेच आले. जिलेबी आणली असन, सोयरीक जुळत आली तेव्हापासून हौसेनं आणते पोरगा… उठा भाऊ. या बाजूनं, सामोरच्या दारानं. चपला घाला आधी. जयभीम. जा आता, जा.