गल्लीतले लाल कागद

पेइ-शान : सगळे? सगळ्या दारांवरचे?

थानझामी : हो. वु काकांच्या दुकानापासून आपल्या दारापर्यंत. हळूच काढले. एकही फाटला नाही.

पेइ-शान : एकही फाटला नाही म्हणे! शाबासकी देऊ का आता? थानझामीताई, अक्कल कुठं गहाण टाकली होतीस?

थानझामी : का? माझं काय चुकलं, पेइ-शान?

पेइ-शान : आधी सांग, कुठंयत ते?

थानझामी : बिस्किटांच्या डब्यात. दुसऱ्यांची वस्तू आहे. फेकणार कशी?

पेइ-शान : बरं. आणि ते कागद कसले आहेत असं वाटलं तुला?

थानझामी : सणाचे. आम्हाला इथल्या रीतिभातींच्या वर्गात शिकवलं आहे. लाल रंग लग्नाचा, नव्या वर्षाचा. मरणाचा पांढरा. काल शेजारचे त्साई आजोबा गेले, आणि सगळ्या गल्लीत दारावर लाल. मला बघवलं नाही. वाटलं, लोक काढायला विसरले. त्साई आजी खिडकीतून बघतील, त्यांना काय वाटेल?

पेइ-शान : अगं, आजीच्या मुलानंच लावलेत ते! काल संध्याकाळी, दारोदार फिरून. ज्याच्या घरात माणूस जातं, त्यानं शेजाऱ्यांच्या दाराला लाल कागद लावायचा. म्हणजे मरण तिथून निघून आपल्या घरात शिरत नाही. प्रेत घरातून हललं की मगच काढायचा. तू अख्ख्या गल्लीचं कवच सोलून बिस्किटांच्या डब्यात भरलंयस, ताई.

थानझामी : अरे देवा.

पेइ-शान : कुठल्या? तुझ्या की आमच्या? आमचे सगळे आत्ता रागावलेत.

थानझामी : वर्गात हे नाही सांगितलं.

पेइ-शान : तुमच्या त्या वर्गाला आग लाव. मी शाळा सोडली म्हणून गल्लीत बिनडोक कोण, तर पेइ-शान. आज माझा नंबर गेला. तू पहिली आलीस.

थानझामी : वु काकांना कळलं?

पेइ-शान : ऐकू येत नाही का? मघापासून अशुभ घालवायला उंबऱ्यावर मीठ-तांदूळ फेकतोय आणि शिव्या घालतोय. डुकराचं मटण तोडताना एवढा सुरा आपटत नाही, एवढा आज आपटला त्यानं. आणि आज कोण येणार आहे, आहे ना लक्षात?

थानझामी : लिन पास्टर. चार वाजता.

पेइ-शान : आणि काय करणार तो?

थानझामी : घरोघर विचारणार. ही मुलगी वर्षभर तुमच्यात कशी राहिली? हिला पुढं डोंगरातल्या गावात चर्चच्या कामाला पाठवावं, की घरी परत?

पेइ-शान : वु काकाकडून सुरुवात करायला सांग. पाच मिनिटांत तुझं तिकीट निघेल.

थानझामी : पेइ-शान, हसू नकोस. मिझोराममध्ये आमच्या गावात बायका रोज चुलीवर भात ठेवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. चर्चसाठी. ज्यांच्या घरात कमी, त्यासुद्धा. ते तांदूळ विकून मला इथं परदेशात ठेवलं आहे. मी परत गेले, तर त्या काही बोलणार नाहीत. उद्यापासून परत मूठ काढतील, दुसऱ्या कुणासाठी. मी त्यांच्याकडं कशी बघू?

पेइ-शान : ...हे तू आधी कधी बोलली नाहीस.

थानझामी : तू विचारलं नाहीस.

पेइ-शान : बरं, रडू नको. सोप्पंय. मी सांगते वारा होता. पहाटे जोराचा वारा आला, कागद उडाले. संपलं.

थानझामी : वारा डब्यात भरून ठेवतो?

पेइ-शान : डबा मी कालव्यात फेकते.

थानझामी : नाही. मी खोटं बोलणार नाही. मी सगळ्यांना सांगेन, मी काढले.

पेइ-शान : मग जा परत! मला काय? आमच्या घरातली तुझी खोली मला मिळेल. तुझ्या खोलीतला पंखा तरी फिरतो. एवढं डोकं लावते मी हिच्यासाठी आणि ही... कोणी सांगितलं होतं तुला? ओळख ना पाळख, कोण लागत होता तुझा तो म्हातारा?

थानझामी : रोज सकाळी न विचारता माझ्या सायकलीत हवा भरून ठेवायचे.

पेइ-शान : सगळ्यांच्याच भरायचा तो.

थानझामी : आमच्याकडं कोणी गेलं की बोलावण्याची वाट बघत नाहीत. शेतात असलो तर शेत टाकून जातो. सगळा डोंगर त्या घरात येतो. माझे वडील गेले तेव्हा घरात एवढी माणसं होती की मला एकटीला रडायला कोपरा सापडेना. खूप राग आला होता मला. आता कळतं. पण इथं वर्गात सांगितलं, मयताच्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नाही. अपशकुन मानतात. म्हणून मी गेले नाही. खिडकीत बसून राहिले. आजींच्या घरी दिवा होता, आणि ते मंत्र म्हणणारं छोटं यंत्र वाजत होतं, एकटंच. मला आत जाता येत नाही, तर बाहेरून काय करू? तेवढं एकच सुचलं.

पेइ-शान : ...मी पण लावलेत ते कागद.

थानझामी : तू?

पेइ-शान : बाबा गेले तेव्हा. आईला उभं राहवत नव्हतं, म्हणून मी. चौदाची होते. गोंदाची वाटी घेऊन दारोदार. वु काकानं तर दार किलकिलं केलं, कागद हातातून आत ओढून घेतला आणि म्हणाला, मी लावतो, तू जा. बाबांबरोबर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचा हा माणूस.

थानझामी : मग कोणी आलं नाही?

पेइ-शान : आले ना. शेवटच्या दिवशी, अंत्यविधीच्या तंबूत. अगरबत्ती लावली, आम्ही दिलेला आभाराचा टॉवेल घेतला, गेले. टॉवेलच्या गिरण्यांचं गाव आमचं, ज्याच्या-त्याच्या घरी टॉवेलांचा ढीग, तरी न्यायचाच. त्यानंतर शाळेत बाकावर माझ्या शेजारी कुणी बसेना. म्हटलं, मग मी तरी कशाला बसू?

थानझामी : पेइ-शान...

पेइ-शान : दया नको दाखवू, टाळकं फिरतं माझं. कोण आलंय बघ बाहेर.

(दारात हाक. त्साई आजी रस्त्यावर उभ्या आहेत, उंबऱ्याच्या बाहेर. हातात वाटी.)

त्साई आजी : हाय का गं ती डोंगरातली पोर?

पेइ-शान : आजी! तुम्ही कशाला आलात? या, आत... म्हणजे...

त्साई आजी : न्हाई, आत न्हाई येत म्या. सुतकातलं मानूस दुसऱ्याच्या घरात जात न्हाई. हितंच बरी. तिला बोलाव.

थानझामी : मी इथं आहे, आजी. मी काढले. सगळे मीच काढले. मला माहीत नव्हतं. मला क्षमा करा.

त्साई आजी : ठावं हाय. झोप कुठली आलीय, पहाटं खिडकीतनं बघत हुते. मांजरावानी दारोदार फिरत हुतीस. का काढलंस?

थानझामी : मला वाटलं, तुम्ही लाल रंग बघाल आणि तुम्हाला वाईट वाटेल.

त्साई आजी : वाटलंच की.

पेइ-शान : पण आजी, तुमच्याच घरून लावले ना?

त्साई आजी : मग? रीत हाय, लावलंच पायजेत. पर लेक लावत हुता तवा मनात आलं, जलमभर ह्यो मानूस ह्या गल्लीच्या सायकली नीट करत आला. कुनाकडनं पैसं घेतलं, कुनाला तसंच धाडलं. आन आज ह्याच्यापास्नंच गल्लीला राखतुया आमी. तू एकेक काढत निघालीस, तवा वाईच बरं वाटलं बघ. म्हटलं, कुनीतरी हाय.

थानझामी : आजी...

त्साई आजी : पर परत लावाय लागतील, पोरी. त्याला वाटंला लावायचं तर गल्लीच्या शिव्या घेऊन न्हाई. लेक सामान आनाय गेलाय, आन मला कुनाच्या दारात जाता येत न्हाई. ही घे खळ. तू लाव. त्साईच्या घरनं आलेय म्हनून सांग.

पेइ-शान : आजी, वु काका हिला कच्चं खाईल.

त्साई आजी : वुला म्हनावं, तुझ्या सायकलीची चेन अजून आमच्या पडवीत पडलीय, तेल लावून ठेवलीय त्यानं जायच्या आदल्या दिशी. गप लावून घे. आन तो तुजा पाद्री येनार हाय म्हनं आज?

थानझामी : हो. तुम्हाला कसं कळलं?

त्साई आजी : वु एवढ्या मोठ्यानं शिव्या देतुया, सगळं ऐकू येतंय. माझ्याकडंबी धाड त्याला. ...तुमच्यात काय करतात गं, कुनी गेलं की?

थानझामी : येतात. गातात.

त्साई आजी : तुज्या देवाची गानी मला न्हाई कळायची.

थानझामी : न गाणारे पण असतात. ते चहा करतात. आणि बसतात.

त्साई आजी : नुसतं बसतात?

थानझामी : हो. नुसतं.

त्साई आजी : कागुद लावून झालं की ये मग.

*

पेइ-शान : वु काकाच्या दारात कसली एवढी थांबली होतीस? मला वाटलं, सुरा काढला त्यानं.

थानझामी : आधी ओरडले. मी सांगितलं, मीच काढले, त्साईंच्या घरून आले आहे. मग चेनचं सांगितलं. मग म्हणाले, वाकडा लागला आहे, सरळ कर.

पेइ-शान : बस? एवढंच?

थानझामी : आणि म्हणाले, पुढच्या वेळी आधी विचारत जा.

पेइ-शान : पुढच्या वेळी म्हणाला?

थानझामी : हो. का?

पेइ-शान : मग झालं तर. तू राहणार असं धरूनच चाललाय तो. मी काय सांगणारे पास्टरला, ऐकायचंय?

थानझामी : खरं सांग.

पेइ-शान : खरंच सांगणारे. हिला काडीचं काही येत नाही. अजून निदान वर्षभर आमच्या गल्लीत ठेवा, मग पाठवा डोंगरात. नाहीतर तिथले लोक हाकलतील.

थानझामी : वर्षभर?

पेइ-शान : पंख्याचं काय, मला सवय आहे.

थानझामी : चार वाजत आले. आपण आजींकडं गेलो, तर पास्टरना घर बंद दिसेल.

पेइ-शान : शोधत येतील. गल्लीत दुसरं उघडं दार आहेच कुठं?

थानझामी : म्हणजे तू खरंच येतेस?

पेइ-शान : चहा तू करणार? तुझा चहा पिऊन आजीपण जातील. तेवढं काम माझ्यावर सोड.

थानझामी : पेइ-शान, डब्यात एक कागद उरला.

पेइ-शान : आमच्या दाराचा तो.

थानझामी : लावू? तुझी आई काल दोनदा बघून गेली, नीट चिकटला आहे का म्हणून. नसेल तर रागावेल.

पेइ-शान : ती माझ्यावर रोजच रागावते.

थानझामी : मग?

पेइ-शान : राहू दे डब्यात. ते मोठं पातेलं घे, चहाचं.