पिशवी तरंगू द्या

माहं माहेर पूर्णेच्या काठचं, बाई. आमी भोई. बाप नदीत जाळं टाके, माय टोपलं डोक्यावर घेऊन चार गावं हिंडे आन मासोळी विके. मी चौथीपर्यंत शाळेत गेली, मंग घरीच, म्हंजे बसली नाई, फाटलेली जाळी सांधायचं काम माह्यावरच होतं. सुनंदा नाव माहं. सुनंदाच लिहा. कारन कागदावर आमाले नाव नसते, कागदावर आमी लाभार्थी. जो येते तो इचारते, लाभार्थी कोन हाय, आन मी शाळेतल्यावानी हात वर करते. लाभ काय झाला ते सांगतेच आता तुमाले, बसा त्या दगडावर, तो सावलीत हाय.

बापाची एक सवय होती. नदीवर गेला का जाळं खांद्यावरच ठेवे आन पहिले वाकून पान्यात हात घाले, कोपरापर्यंत, आन तसाच थांबे. मी एकदा इचारलं, बाबा, काय पाहून राह्यले? तो म्हने, पाहून नाई राह्यलो, इचारून राह्यलो. हात घातल्याशिवाय पान्यात काईच टाकू नये, जाळंबी नाई आन पायबी नाई. तवा मले वाटे बुढा आपल्याच नादात बोलते.

लगन होऊन इकडं आली, मोताळ्याकडं. इथं नदी नाई, हा तलाव हाय. तलाव गावाचा असून गावाचा नोता, दरसाल ठेकेदार घे. आमचे हे, म्हंजे माहे मालक, त्यायच्या आज्यानं याच तलावात जाळं टाकलं, आन हे त्या ठेकेदाराच्या जाळ्यावर मजुरीनं जात. संध्याकाळी वाटा म्हनून दोन बारक्या मासोळ्या घेऊन येत. आपल्याच तलावातली मासोळी, आन ती दुसऱ्यानं देल्यावर खायची. मले गिळत नोती. सासू म्हने, खाय वं, मासोळीचा काय गुन्हा हाय.

मंग योजना आली. तिचं नाव लय लंबं हाय, मले पाठ नाई. भोई लोकाले मासोळी पाळायचं शिकवायचं आन जो गट शिकन त्याले तलाव द्यायचा, असं होतं. भोयाले मासोळी शिकवनार म्हनल्यावर मले हासू आलं आन रागबी आला. पन खरं सांगते, शिकायचं होतं बरंच. पकडनं येगळं आन पाळनं येगळं. कोंबडी कापता येते म्हनून अंडी उबवता येत नाईत.

आन आमाले बायाले कोनी बोलावलंच नोतं, हेबी लिहा. बोलावलं होतं मानसाले. मोताळ्याले एका हॉलमधी तीन दिवस. पहिल्या दिवशी मानसं गेले, सह्या केल्या, चहा घेतला, वही-पेनाची थैली घेतली आन जेवन झाल्यावर अर्धे घरी आले. दुसऱ्या दिवशी वरून साहेब तपासायले येनार म्हनल्यावर हापिसवाल्यायची धावपळ झाली, का खुर्च्या रिकाम्या दिसतीन. मंग गावात जीप पाठवली, बाया भरून आना. मी सोयाबीन निंदून राह्यली होती, तशीच चिखलाच्या पायानं बसली जीपमधी. घरी पाव्हने आले का शेजारून गाद्या मागून आनतो ना, तसं नेलं आमाले.

पन शिकवनारी पोरगी चांगली होती. आमी मॅडम म्हनू, वयानं माह्या लेकीएवढी. बाया पाहून तिनं तोंड वाकडं केलं नाई, फळा सोडून आमच्याजवळ येऊन बसली. चुना कवा टाकायचा, शेनखत किती, ढेप कशी भिजवायची, सगळं सांगतलं. कटला वरचं खाते, रोहू मधलं खाते, मृगळ तळाचं खाते, म्हनून तिघी एका तलावात बिना भांडनाच्या राह्यत्यात. आन मंग म्हनली, पान्यात कोपरापर्यंत हात घाला, तळहात साफ दिसला तर समजा त्या पान्यात मासोळीले खायले कमी हाय. माह्या अंगावर काटा आला, बाई. माहा बाप मरून किती वर्सं झाले, आन ही पोरगी त्याचा हात फळ्यावर काढून राह्यली होती.

तिनं आखरीले सांगतलं ते नीट ऐका, पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. तलावात सोडायची जी बारकी मासोळी येते, बोटाएवढी, तिले बोटुकली म्हनत्यात. ती येते प्लास्टिकच्या पिशवीत, थोडं पानी आन वर हवा भरून. ती पिशवी आनली का फोडायची नाई. बांधलेलीच तलावाच्या पान्यात सोडायची आन तरंगू द्यायची, अर्धा घंटा, आतलं पानी आन बाहेरचं पानी सारखं होईपर्यंत. मंग तोंड सोडायचं, तलावाचं थोडं पानी आत जाऊ द्यायचं, आन बोटुकली आपली आपन बाहेर जाते. ओतायची नाई. घरी येऊन सासूले सांगतलं तर ती म्हने, त्यात काय नवं, नव्या सुनेले उंबरठ्यावर थांबवतोच ना आपन.

आखरीपर्यंत बसल्या त्या बायाच, म्हनून तलाव भेटला. आमच्या गटाले, बारा बायाले. आमी काठची बेशरमाची झुडपं उपटली, शेवाळ काढलं, चुना टाकला, हाताले भेगा पडल्या. सरकारी बोटुकली फुकट येनार होती, आन फुकटाच्या मांगं मंडप येते. बोटुकलीची गाडी चालवे सलीमभाई, मोताळ्याचा, बाजारात मासोळीचा धंदाबी करते. तो दहाले आला. पाव्हना, म्हंजे बोटुकली सोडायले बोलावलेला पुढारी, येनार होता अकराले. पावसानं उघाड देली होती, ऊन असं का दगडावर पाय ठेवू नये. पिशव्या मंडपापुढं टेबलावर मांडल्या, शोभेसाठी, उन्हात. म्या मासोळी खात्याच्या साहेबाले म्हनलं, साहेब, पिशव्या पान्यात ठेवू द्या. साहेब म्हने, पाव्हन्याच्या हातानं सोडायच्या हायेत, हात लावू नका. म्या ओलं पोतं झाकलं, ते कोनंतरी काढून फेकलं, बरं दिसत नाई म्हने. सलीमभाई तांब्यानं पानी शिपडत राह्यला, त्यालेबी हाकललं.

पाव्हना दोनले आला. भाषन झालं. मच्छीमार भगिनी प्रशिक्षण घेऊन पायावर उभ्या राह्यल्या म्हने. उभ्याच होतो आमी, दहापासून. मंग नारळ, गुलाल, आन पाव्हना बुटासकट काठावर आला. म्या पुढं होऊन हात जोडले, म्हनलं, साहेब, आधी पिशवी तरंगू द्या, अर्धा घंटा. तो हासला. बाई, मले पुढं दोन कार्यक्रम हायेत. फोटोवाला म्हने, वरून ओता साहेब, धार दिसली पायजे. ओतली. कंबरेएवढ्या उंचीवरून, तापलेल्या पिशवीतून, एकामांगं एक, सगळ्या. पान्याले बोटबी नाई लावलं त्यानं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, हे नक्की लिहा. साहेबावरचा राग मी बोलून काढते, त्या टाळ्याचं मी काय करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाले पांढरी रेघ होती. दुरून वाटे साबनाचा फेस हाय. जवळ गेली तर बोटुकली. पोट वर करून, सगळ्या काठानं. आमी बाराजनी चाळनी आन टोपले घेऊन गोळा करत बसलो. चिखलात बसून मी मोठ्यानं रडली, बाई. भोयाच्या घरात मासोळी मरायचं रडनं कोनं ऐकलं होतं आधी? आमी मासोळी मारतोच. पन खायसाठी मारतो, फोटोसाठी नाई.

आठ दिवसानं साहेब कागद घेऊन आला. पंचनामा. मले वाचता येते हे त्याले माहीत नसन. त्यात होतं, लाभार्थींनी प्रशिक्षणाप्रमाणे बोटुकलीची काळजी न घेतल्यामुळे मर झाली. आन खाली, गट अप्रशिक्षित असल्याने तलावाबाबत फेरविचार व्हावा. फेरविचार म्हंजे ठेकेदार, दुसरं काय. मारलं तुमी, आन अडानी आमी? माहं डोकं असं तापलं का समोरचं अक्षर दिसेना. आमचे हे म्हनले, कर सही, सरकारशी भांडू नये. म्या म्हनलं, सही केली तर उद्या तुमी पुन्हा ठेकेदाराच्या जाळ्यावर, आन मी पुन्हा त्या दोन मासोळ्या गिळत बसू?

मंग म्या साहेबाचाच पेन घेतला. आन जिथं सही करायची तिथं लिहिलं. चौथीचं अक्षर, येळ लागला, साहेब तीनदा घड्याळ पाहून राह्यला. लिहिलं का पिशव्या चार घंटे उन्हात ठेवल्या, तरंगू देल्या नाईत, मी दोनदा सांगतलं होतं. खाली सुनंदा. लाभार्थी नाई लिहिलं. साहेब म्हने, तुमी सरकारी कागद खराब केला. म्या म्हनलं, कागद दुसरा येईन साहेब, बोटुकली कुठून आनान? माह्या मांगं अकराजनीनं त्याखाली सह्या आन अंगठे केले. महिन्यानं दुसरा कोरा कागद आला, पहिला हरपला म्हने, मजकूर तोच. म्या पुन्हा तेच लिहिलं. तिसरा आला नाई. तलाव आमच्याकडंच राह्यला, पन माफीबी नाई आन नवी बोटुकलीबी नाई, ते साल कोरडं गेलं. गटातल्या दोघी म्हनल्या, तुह्या अक्षरापायी झालं हे. म्हना म्हनलं.

आन सजा काय देली माहीत हाय? पुन्हा प्रशिक्षन. आमालेच. तीच मॅडम आली, खाली मान घालून. मावशी, मले पाठवलं म्हने. काय शिकवनार? बोटुकली कशी सोडायची. म्या म्हनलं, पोरी, तुह्यावर राग नाई, तू शिकवलं ते आमाले रात्री उठवून इचार. पन एक कर, ही पहिली खुर्ची रिकामी ठेव, त्या पाव्हन्याची हाय. ती हासली आन मंग तिचे डोळे भरून आले. तिनं खरंच ठेवली खुर्ची, बाई. तीन दिवस रिकामी ठेवली.

यंदा पुन्हा बोटुकली मंजूर झाली. पुन्हा मंडप, पुन्हा तोच पाव्हना. आदल्या दिवशी मी मोताळ्याच्या बाजारात सलीमभाईजवळ गेली. म्या काई म्हनायच्या आधी तोच म्हने, भाभी, पिछली बार का पाप मेरे सर पे भी है, मले झोप नाई लागली कितीक दिवस. मी फजरलाच, पहाटेच, गाडी लावतो तलावावर.

उजाडायले तो आला. मंडपवाले आले नोते अजून. आमी बाराजनी लुगडे खोसून पान्यात उतरलो, कंबरेएवढ्या. म्या पहिले हात घातला, कोपरापर्यंत, आन थांबली. पानी थंड होतं, गढूळ, तळहात दिसला नाई. मंग पिशव्या सोडल्या. साऱ्या तलावात पिशव्याच पिशव्या तरंगून राह्यल्या होत्या आन आमी मधात उभ्या, कोनाले घाई नाई. सासू काठावर बसून हळद-कुकू वाहत होती. अर्ध्या घंट्यानं तोंडं सोडली. पहिल्या निंगाल्या, थांबल्या, आन मंग सगळ्या अशा गेल्या का माह्या पोटऱ्याले गुदगुल्या झाल्या.

पाव्हना बाराले आला, त्याच्या मानानं लवकर. म्या एक पिशवी भरून ठेवली होती टेबलावर. नुसतं पानी, वर हवा, तोंडाले रबर, बाहेरून झेंडूची माळ. साहेबानं पाहिली, माह्याकडं पाहिलं आन नजर फिरवली. त्यालेबी मागचा कागद आठवला असन. पाव्हन्यानं काठावर उभं राहून पिशवी ओतली. फोटोवाला म्हने, थोडं वरून, धार दिसू द्या. चांगली धार दिसली. यंदा म्या टाळ्या नाई वाजवल्या, हात ओले होते.

तो फोटो पेपरात छापून आला. घरी हाय, दाखवते तुमाले. पाव्हना हाय, माळ हाय, धार हाय, साहेब हाय. मासोळी एकबी नाई. आन आजपर्यंत एकानंही इचारलं नाई, का बाप्पा, या धारेत मासोळी कुठं हाय.

ती इथं हाय. या, चप्पल काढा, घाला हात. घाला, कोपरापर्यंत. लागलं का काई बोटाले? रोहू असन, ती येते अशी पाहायले, वीतभर झाली आता. दिवाळीनंतर पहिलं जाळं टाकू, आमचे हे टाकतीन, आपल्या तलावात आपलं जाळं. तवा या, टोपलंभर देईन, बिना फोटोची. सासू म्हनते, सुनंदा, सोड आता राग, पान्याले कोनाचा राग नसते. नसन पान्याले. मले हाय.