तिकिटाची खूण

अवं, माह्या सुनेनं माही कशी जिरवली, ते आयका. पोरगं चार महिन्याचं, अन् तिले दर रविवारी केशोरीहून गोंदियाले बी.ए.च्या क्लासले जा लागे. लेकरू सांभाळाले मी संगं जावो. एसटीत बसली का ती गोष्टीचं पुस्तक काढे. पहिल्याच दिवशी मी बोलून बसली, "हे पुस्तक सरेपर्यंत लेकरू माह्या मांडीवर. मंग तुहं तू पाय!"

लेकराले पाजतानी ती पुस्तक माह्याजवळ दे. खूण म्हणून त्यात बसचं तिकीट राहे. मी चौथी शिकली, पानाचे आकडे समजतात. मी चुपचाप तिकीट वीस पानं मागं सरकवो अन् मनात हासो, वाच बाई तेच ते!

दोन महिने झाले. पोरानं माहं लुगडं पुन्हा वलं केलं, तवा मी इचारलं, "काऊन वं, तुहं पुस्तक सरून नाही राहिलं?"

सून म्हणते, "आई, माहं तं दोनदा वाचून झालं. पण तुमीच तिकीट मागं सरकवून राहिल्या, तं पुस्तक सरन कसं? धरा लेकराले!"